गाडीचं विचारा : टायमिंग बेल्ट घरच्या घरी, आणि हात न पोचणारे ते पार्ट

या महिन्यात टायमिंग बेल्टवरच, म्हणजे इंजिनातला खालचा क्रँक आणि वरचे व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना एका ठेक्यात फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्यावरच, चार पत्रं आलीत, तीन अमेरिकेतली आणि एक सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे ब्रेक आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आजची सगळी जागा यालाच देतो. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठं झालंय, पण गाडी अर्धी उघडून बसलेल्या माणसाला दोन ओळीत उत्तर देऊन चालत नाही.

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, आता टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. दीड वर्षापूर्वी २००१ ची टोयोटा टॅकोमा घेतली, ३.४ लिटर व्ही६, फोर बाय फोर, मीटरवर १,७८,००० मैल. आधीचा मालक म्हणाला होता की बेल्ट एकदा बदललाय पण बिल वगैरे काही नाही. गॅरेजवाल्याने हजार डॉलरच्या वर आकडा सांगितला म्हणून म्हटलं घरीच करू, लहानपणापासून वडिलांबरोबर ट्रॅक्टर खोललाय, पाने हातात धरायची भीती नाही. गेल्या रविवारी फॅन काढला, बाहेरचे तिन्ही बेल्ट काढले, वरची कव्हरं निघाली आणि तिथून पुढे गाडी अडली. क्रँक पुलीचा बोल्ट जागचा हलत नाही, आणि खाली बेल्ट ताणून धरणारा तो हायड्रॉलिक टेन्शनर आहे तिथपर्यंत हातच नीट जात नाही. बेल्ट वरून बघितला तर चांगला दिसतोय, चिरा नाहीत. टेन्शनर आणि बेल्टला वाट देणाऱ्या त्या दोन आयडलर पुल्या तशाच ठेवून नुसता बेल्ट आणि वॉटर पंप बदलला तर चालेल का? आणि बोल्ट कसा काढू? गाडी घरासमोर उघडी पडलीये, बायको रोज विचारतेय.

उत्तर : नमस्कार. आधी जीव थंड करतो. तुमच्या गाडीत जे इंजिन आहे, ५व्हीझेड-एफई, ते बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटणार नाहीत अशा बांधणीचं आहे, त्यामुळे तुमच्या हातून टायमिंगचा मार्क (पुल्या जुळवायची खूण) चुकला तरी हे इंजिन फुटणार नाही, नीट चालणार नाही एवढंच. घरी पहिल्यांदा बेल्ट बदलायला शिकायचं तर यापेक्षा समजूतदार इंजिन मिळणं कठीण. टॅकोमामध्ये हे २००४ पर्यंत होतं, फोररनरमध्ये १९९६ ते २००२, शिवाय टी१०० आणि सुरुवातीच्या व्ही६ टुंड्रामध्येही, त्यामुळे जुन्या टोयोटावाल्या बऱ्याच वाचकांना हे उत्तर लागू पडेल. २००५ पासूनच्या ४.० लिटर टॅकोमाला चेन आहे, त्यांनी हे वाचून गाडी उघडू नका.

आता टेन्शनर ठेवायचा का. नाही. हे मी अगदी ठामपणे सांगतो कारण मी स्वतः ती चूक केलीये. माझी जुनी फोररनर, हेच इंजिन, पैसे वाचवायचे म्हणून बेल्ट आणि पंप नवा घातला आणि टेन्शनर जुनाच बसवला, दिसायला ठणठणीत होता, तेल गळत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात थंडीच्या सकाळी गाडी सुरू केली की पुढून टकटक टकटक, गरम झाली की आवाज बंद. टेन्शनरच्या आत तेल आणि स्प्रिंग असते आणि एक दांडा बेल्टला सतत दाबून धरतो, आतलं सील म्हातारं झालं की रात्रभरात तो दांडा बसतो आणि बेल्ट ढिला होऊन कव्हरला मारतो. मला रेडिएटरपासून सगळं परत काढावं लागलं, परत दोन शनिवार गेले आणि कूलंट परत विकत आणलं ते वेगळंच. बेल्ट तर फक्त रबर आहे हो, आणि आजचं रबर चांगलं असतं. गाडी रस्त्यात बंद पडते ती बऱ्याचदा आयडलरचं बेअरिंग जाम होऊन, किंवा पंपाच्या सीलमधून कूलंट बेल्टवर गळून, किंवा टेन्शनर बसून बेल्टाने दात सोडून. जो पार्ट काढायला तुमचे आठ तास जातात तो परत बसवताना जुना बसवायचा नसतो, मग तो कितीही चांगला दिसो.

म्हणून यादी अशी धरा : बेल्ट, हायड्रॉलिक टेन्शनर, आयडलर नंबर एक आणि नंबर दोन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि त्याचं रबर, बाहेरचे तीन बेल्ट. आयसिनचा पूर्ण किट मिळतो, आयसिन ही टोयोटाच्याच गटातली कंपनी आहे आणि मूळ पार्टही तीच पुरवत आलीये, किटात बेअरिंगही जपानी असतात. ऑनलाइन अर्ध्या किमतीत त्याच नावाचा डबा दिसला तर घेऊ नका, नकली पार्ट या धंद्यात फार फिरतात आणि बेअरिंग नकली आहे हे हातात धरून कळत नाही. क्रँक आणि कॅमची ऑइल सील कोरडी असतील तर त्यांना हात लावू नका असं माझं मत आहे. बरेच जण उघडलंच आहे तर बदलून टाकू म्हणतात, आणि जुनं सील उपसताना स्क्रू ड्रायव्हरने शाफ्टवर ओरखडा पाडून बसतात, मग कोरडी असलेली जागा गळायला लागते. तेलकट दिसली तर मात्र बदलायचीच कारण तेल बेल्टाच्या रबराला खातं.

आता तुमचा बोल्ट. तो १९ मिलिमीटरचा आहे आणि कंपनीने तो २१७ फूट-पाउंडला म्हणजे २९५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, वर पंचवीस वर्षांचा गंज. तुमची ताकद कमी पडतेय असं नाही, तुम्ही जोर लावता तेव्हा इंजिनच फिरतं आणि जोर वाया जातो. गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून कोणी बसलं तर मॅन्युअल गिअरवाल्या गाडीत थोडं जमतं, ऑटोमॅटिकमध्ये नाहीच. खरा उपाय म्हणजे पुली धरून ठेवणारी दांडी. पुलीच्या तोंडावर दोन आटेवाली भोकं आहेत, पुलर लावण्यासाठी दिलेली, त्यात बसतील अशी दोन भोकं एका जाड लोखंडी पट्टीला पाडून घ्या, मधे गोटी (बोल्टवर बसणारं सॉकेट) जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, पट्टी तीन फूट तरी लांब हवी. पुलीला बोल्टने घट्ट बांधा आणि पट्टीचं दुसरं टोक चासीला टेकवा. मग १९ ची इम्पॅक्टची जाड गोटी, अर्धा इंची लांब दांडा आणि त्यावर चार फुटी पाइप, जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एकदम मोठा कडाक आवाज येतो, घाबरू नका, बोल्ट सुटल्याचा आवाज आहे तो. तयार दांडीही विकत मिळते पण पट्टी केलीत तर पुढे बोल्ट आवळताना तीच परत लागते, आणि आवळताना तर ती लागणारच आहे.

तुम्ही व्हिडिओत ती दुसरी युक्ती बघितली असणार, दांडा ड्रायव्हरच्या बाजूच्या चासीला टेकवायचा आणि किल्लीने क्षणभर सेल मारायचा. ती चालते, मीही केलीये, समोरून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं म्हणून दांडा ड्रायव्हरच्या बाजूला खाली टेकून अडतो आणि बोल्ट सैल होतो. पण मी ती तुम्हाला शिकवणार नाही. गोटी निसटली तर तो दांडा कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि घरासमोर मुलं असतात. इग्निशन बंद न करता कोणी केलं तर इंजिन चालूच होऊ शकतं. पट्टी बनवायला एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

आणि रेडिएटर काढा. तुम्ही लिहिलेलं वाचून मला वाटतं की तुम्ही फक्त फॅन काढलाय आणि रेडिएटर तसाच आहे. तो न काढताही काम होतं असं सगळे सांगतात, होतं खरं, पण पहिल्यांदा करणाऱ्याला त्या अर्ध्या तासाची किंमत नंतर कळते. दोन होज, गिअर ऑटोमॅटिक असेल तर त्याचे दोन छोटे पाइप, बोल्ट काढा आणि उचला. रेडिएटरच्या पुढचा एसीचा कंडेन्सर उघडा पडतो, त्याला इंजिनाच्या बाजूने जाड पुठ्ठा लावा, पान्याचा एक धक्का लागला तर त्याची नाजूक पत्री वाकते आणि गॅस गेला तर खर्च बेल्टपेक्षा जास्त. रेडिएटर निघाला की बोल्टवर सरळ उभं राहून जोर लावता येतो आणि टेन्शनरकडे बघायला डोकं आत जातं. कूलंट भांड्यात धरा आणि लगेच झाका, ते चवीला गोड असतं आणि कुत्रा-मांजर चाटून मरतं, शेजाऱ्याचंही असेल.

टेन्शनरपर्यंत हात जात नाही हे अगदी खरं आहे, त्याला दोनच बोल्ट आहेत पण ते अशा ठिकाणी की वरून बोटं पोचतात तेव्हा डोळे पोचत नाहीत. खालची संरक्षक पत्र्याची प्लेट काढा, फोर बाय फोरला ती असतेच, गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर ठेवा आणि खालून जा. एसी कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग पंप पाइपासकट बाजूला सरकवून तारेने टांगा, पाइप अजिबात उघडायचे नाहीत. लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट हवा. आणि हे नीट लक्षात घ्या, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडवायचे. आत दांडा दाबून बसलेला असतो, एक बोल्ट पूर्ण काढला तर टेन्शनर तिरका होतो, दुसऱ्या बोल्टचे आटे ओढले जातात, आणि तिथे आटे गेले की ते ॲल्युमिनियममध्ये गेले.

पण टेन्शनर काढायच्या आधी मार्क. बऱ्याच जणांचं इथे घाईत चुकतं. क्रँक काट्याच्या दिशेने फिरवत पुलीवरची खाच खालच्या कव्हरच्या शून्यावर आणा, मग वर दोन्ही कॅमच्या पुल्यांवरचे मार्क मागच्या प्लेटवरच्या खाचांसमोर आलेत का बघा. आले नसतील तर काही बिघडलेलं नाही, क्रँक दोनदा फिरतं तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून अजून एक पूर्ण फेरी द्या. जुळले की फोटो काढा, समोरून, सरळ, तिरके नाही. मग पुली आणि खालचं कव्हर निघालं की क्रँकसाठी वेगळा मार्क बघायचा असतो, आतल्या दाताच्या चाकावरचा ठिपका आणि ऑइल पंपाच्या बॉडीवरची खूण. कव्हरवरचा शून्य आता कव्हराबरोबर बाजूला पडलाय, हे विसरून लोक अंदाजाने बसवतात.

बेल्ट निघाला की आयडलर. नंबर एकची पुली मधोमध १० मिलिमीटरच्या ऍलन बोल्टवर असते, ऍलनची गोटी पूर्ण आत ठोकून बसवा, अर्धवट बसवून जोर दिला तर आतला षटकोन गोल होतो. नव्याला धागापकड (आटे सैल होऊ न देणारा थ्रेडलॉकर) लावून ३५ न्यूटन-मीटर, आणि आवळल्यावर पुलीची ती अख्खी पट्टी हाताने सहज हलली पाहिजे, तिच्यावरच टेन्शनर दाबणार आहे. पंप बदलताना दोन्ही तोंडं खरवडून साफ करा, पण पोलादी पात्याने ॲल्युमिनियम खरवडू नका, प्लास्टिकचं पातं घ्या. थर्मोस्टॅट याच पंपाच्या तोंडात बसतो म्हणून तर तो आत्ताच बदलायचा, त्याची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा म्हणजे हवा निघायला वाट राहते.

नवा टेन्शनर पिन घातलेलाच येतो, ती पिन बेल्ट पूर्ण बसेपर्यंत काढायची नाही. कधी दाबायची वेळ आलीच तर व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबा, चार-पाच मिनिटं घ्या, घाई केली तर आतलं सील फाटतं. भोकं जुळली की १.२७ मिलिमीटरची ऍलन की आरपार घाला. बेल्ट घालताना टेन्शनर नसलेल्या बाजूला अजिबात ढील राहता कामा नये, सगळी ढील टेन्शनरकडे आली पाहिजे. बेल्टवर बाण आणि तीन रेषा असतात, बाण फिरण्याच्या दिशेला, रेषा तिन्ही मार्कांवर. वाटलंच तर कपड्याला लावायचे चिमटे लावून बेल्ट कॅमच्या पुलीवर धरून ठेवा, तिसरा हात होतो तो. टेन्शनरचे बोल्ट परत आळीपाळीने, २० फूट-पाउंड, मग पिन ओढा.

आता सेल मारू नका. मी कोल्हापुरात उद्यमनगरला काम शिकलो, मारुती ८०० वर, तिलाही टायमिंग बेल्टच असायचा. आमचे वस्ताद बेल्ट घातल्यावर कोणालाही किल्लीला हात लावू द्यायचे नाहीत, आधी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून दाखवायचं आणि मार्क परत जुळलेले दाखवायचे, मगच. मी आज इतक्या वर्षांनी तेच करतो. दोन फेऱ्यांत कुठे अडलं तर जोर करायचा नाही, थांबायचं आणि बघायचं. आणि फिरवल्यावर पुल्यांचे मार्क जुळतील पण बेल्टवरच्या रेषा जुळणार नाहीत, त्याने दचकू नका, बेल्टाचे दात आणि चाकांचे दात असे असतात की त्या रेषा परत जागेवर यायला कित्येक फेऱ्या लागतात. रेषा फक्त बसवायच्या वेळेपुरत्या.

क्रँकचा बोल्ट मात्र अंदाजाने आवळू नका. २१७ फूट-पाउंड दाखवणारा टॉर्क रेंच भाड्याने मिळतो, आणा. तो ढिला राहिला तर पुली थोडी थोडी हलत राहते, पुलीला क्रँकवर अडकवणारी आतली चावी आणि क्रँकचं तोंड खाऊन टाकते, आणि मग ते इंजिन उतरवल्याशिवाय दुरुस्त होत नाही. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं वर, झाकण उघडं ठेवून हवा निघू द्या, दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी परत बघा. गाडी घरासमोर अजून एक रविवार उभी राहील, राहू दे, बायकोला सांगा की काकांनी सांगितलंय.

प्रश्न : आमची १९९९ ची फोररनर आहे, मिस्टरांच्या मित्राकडून घेतली, १,४०,००० मैल. मी स्वतः काही उघडणार नाही, गॅरेजलाच देणार आहे. पण बेल्ट आधी बदललाय की नाही हे मला बघून कळेल का? आणि गॅरेजवाल्याला नेमकं काय विचारायचं म्हणजे तो अर्धवट काम करणार नाही? (न्यू जर्सीहून एक वाचक)

उत्तर : ताई, बेल्टाकडे बघून नाही कळणार. पूर्वीच्या बेल्टांना म्हातारपणी चिरा पडायच्या, आजकालचं रबर वरून छान दिसतं आणि आतले धागे थकलेले असतात, त्यामुळे चिरा नाहीत म्हणजे चांगला हा हिशेब सोडून द्या. बॉनेट उघडून आतल्या बाजूला किंवा बेल्टाच्या कव्हरवर स्टिकर लावलाय का बघा, चांगली गॅरेजवाली माणसं तारीख आणि मैल लिहून चिकटवतात. कव्हरांचे बोल्ट बघा, त्यांच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा असतील तर कोणीतरी उघडलंय एवढं कळतं, काय घातलं ते नाही. टोयोटाने या इंजिनाला ९०,००० मैलांचा आकडा दिलाय, तुमच्याकडे कागद नाही, तर बदललेला नाही असंच धरा. वर्षंही मोजायची असतात, कमी चाललेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतं.

गॅरेजवाल्याला एकच विचारा, मजुरी तेवढीच राहणार असेल तर टेन्शनर, दोन्ही आयडलर, पंप आणि थर्मोस्टॅट नवे घालाल ना, कुठल्या कंपनीचे, आणि जुने मला परत द्याल ना. जुने पार्ट डब्यात परत मागितलेत की काम बदलतं, हे मी दोन्ही देशांत बघितलंय. जुना आयडलर हातात आला की फिरवून बघा, घरघर आवाज आला किंवा खूप मोकळा, वाऱ्यासारखा फिरत राहिला तर आतलं ग्रीस संपलेलं आहे, म्हणजे अगदी वेळेवर बदललात.

प्रश्न : सर, मागच्या महिन्यात मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून टॅकोमाचा बेल्ट बदलला, पूर्ण किट घातला. गाडी सुरू होते पण आयडलिंगला थरथरते आणि चढावर दम नाही. आधी मस्त चालायची. हाताने फिरवून बघायला आम्ही विसरलो. परत सगळं खोलायचं का? (सॅन होजेजवळून)

उत्तर : एक दात चुकलाय, नव्वद टक्के तेच. एक दात म्हणजे क्रँकच्या हिशेबात पंधरा अंशांच्या आसपास फरक, एका बाजूच्या तीन सिलिंडरचे व्हॉल्व्ह वेळ चुकवून उघडतायत आणि दुसऱ्या बाजूचे बरोबर, म्हणून इंजिन स्वतःशीच भांडल्यासारखं चालतं. सगळं नाही खोलायचं. फक्त वरची कॅमची कव्हरं काढा, पुलीची खाच शून्यावर आणा आणि दोन्ही कॅमचे मार्क बघा, खाली जायची गरज नाही. बघताना डोळा मार्काच्या अगदी समोर आणा, वरून वाकून बघितलं की अर्धा दात खोटा दिसतो, त्या जागेत वाकून बघितल्यामुळेच बऱ्याच जणांचं चुकलेलं असतं, छोटा आरसा किंवा फोनचा कॅमेरा आत घाला. एक कॅम चुकलेला दिसला तर टेन्शनर सोडवून बेल्ट त्या एकाच चाकावरून उचलून बसवायचा.

दोन्ही कॅम बरोबर दिसले तर मग बेल्टाचा विचार सोडा आणि काम करताना हललेली सेन्सरची प्लग, निघालेला व्हॅक्यूमचा पाइप बघा. हवेच्या पाइपाची क्लिप ढिली राहिली तरी गाडी अशीच थरथरते, आणि ती पाच मिनिटात सापडते, म्हणून खरं तर तेच आधी बघा आणि मग कव्हर उघडा.

तुमचं नशीब की हे टोयोटाचं इंजिन आहे. होंडा रिजलाइनवाल्यांनी हे पत्र नीट वाचावं, त्या व्ही६ मध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येतात, दात सुटले किंवा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, तिथे हाताने दोन फेऱ्या विसरून चालतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे छोटा हत्ती आहे, द्राक्षाचे आणि भाजीचे क्रेट मार्केटला नेतो. मिस्त्री म्हणतो बेल्ट टाकायचाय, नुसत्या बेल्टाचे पैसे सांगितलेत. आमच्या पोराने मोबाईलवर बघितलंय, तो म्हणतोय घरीच टाकू, सीट उचलली की इंजिन दिसतं. टाकावा का? (मिरज तालुका)

उत्तर : दादा, पोराचा उत्साह चांगला आहे, त्याला मिस्त्रीजवळ बसवा, पण हे काम पहिल्यांदा घरी करू नका. छोटा हत्ती २००५ साली आला तेव्हापासून ते दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन सीटखाली बसलंय, सीट उचलली की दिसतं खरं, पण दिसणं वेगळं आणि हात जाणं वेगळं. आणि वर टॅकोमाबद्दल मी जे सांगितलं की चुकलं तरी फुटत नाही, ते डिझेलला लागू नाही. डिझेलमध्ये दाब जास्त हवा म्हणून पिस्टन वर येतो तेव्हा हेडपर्यंत जागाच उरत नाही, टायमिंग दोन-तीन दात चुकलं आणि सेल मारला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो, हेड खाली येतं. शिवाय डिझेल पंपाचंही टायमिंग मिळवावं लागतं, ते थोडं जरी हुकलं तरी काळा धूर, सकाळी सुरू व्हायला त्रास आणि डिझेल जास्त खाणं.

मिस्त्रीला मात्र सांगा की नुसता बेल्ट नको, टेन्शनरची पुली बेअरिंगसकट नवी टाक, पार्ट अधिकृत दुकानातला आण, आणि काढलेला जुना आम्हाला दे. सीझनमध्ये क्रेट भरलेले असताना रस्त्यात बेअरिंग जाम झालं तर टोइंग, हेडचं काम आणि नासलेला माल, त्यापुढे त्या पुलीची किंमत काहीच नाही. वॉटर पंपाजवळ कूलंटचा पांढरा-हिरवा डाग दिसतोय का तेही बघायला सांगा. ज्यांच्याकडे जुनी ४०७ आहे त्यांना ही काळजी नाही, तिला आत टायमिंग गिअर आहेत, म्हणून शेजारच्या ४०७ वाल्याने कधी बेल्ट बदलला नाही म्हणून आपणही बदलायचा नाही असं करू नका, बरेच जण करतात.

किती किलोमीटरला बदलायचा ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, आणि धुळीत, भरलेल्या गाडीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रोज चालत असाल तर त्या आकड्याच्या आधीच बदला. काम झालं की तारीख आणि किलोमीटर कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घ्या, स्टिकर तुमच्याकडच्या धुळीत आणि पावसात टिकत नाही.